एफडी करायला गेलो, हाती पॉलिसी आली: गावाकडच्या खातेदारांचे नेहमीचे प्रश्न

कापसाचा चुकारा, सोयाबीनचे पैसे, समृद्धी महामार्गात किंवा कोळसा खाणीत गेलेल्या वावराचा मोबदला, कुणाच्या निवृत्तीची रक्कम. खात्यात मोठा आकडा पडला की दोन-चार दिवसांत शाखेतून फोन येतो, "काका, पैसे नुसते पडून आहेत, या एकदा." एरवी रांगेत ताटकळणाऱ्या माणसाला त्या दिवशी खुर्ची मिळते, चहा मिळतो. घरी येताना हातात एफडीची पावती नसते, विम्याची पॉलिसी असते, आणि हे कळतं वर्षभरानं, दुसऱ्या हप्त्याचा मेसेज आला की. यवतमाळ, वर्धा, बुलडाणा, चंद्रपूरकडच्या गावांतून हे प्रश्न पुन्हापुन्हा येतात, म्हणून उत्तरं एकत्र लिहिली आहेत.

माझी फसवणूक झाली की नुसता तोटा झाला, हे कसं ओळखायचं?

तोटा झाला म्हणजे फसवणूक झालीच असं नाही. म्युच्युअल फंडात जोखीम आहे हे नीट समजावलं होतं, तुम्ही समजून पैसे टाकले आणि बाजार पडला, तर तक्रार टिकणार नाही. आशेवर धावपळ करण्यापेक्षा हे आधीच कळलेलं बरं.

तक्रार उभी राहते ती वेगळ्या कारणांवर. एफडी सांगून पॉलिसी दिली. "एकदाच भरा" म्हटलं आणि कागदावर सात वर्षं हप्ते निघाले. "पाच वर्षांत दुप्पट, गॅरंटी" असं तोंडी सांगितलं. पासष्ट वर्षांच्या कोरडवाहू कास्तकाराला, ज्याचं उत्पन्न पावसावर आहे, दरसाल लाखाचा हप्ता गळ्यात मारला. हा शेवटचा प्रकार लोक तक्रारीत लिहीतच नाहीत. खोटं कुणी बोललं नसेल, तरी त्या माणसाच्या वयाला, उत्पन्नाला आणि गरजेला न शोभणारी योजना विकणं ही तक्रारीची बाब आहे, आणि ती कागदावरून दाखवता येते.

मला कागद वाचता येत नाहीत. त्यात पाहायचं काय?

पॉलिसीच्या बाडात मागे तुम्ही सही केलेल्या अर्जाची, म्हणजे प्रपोजल फॉर्मची, झेरॉक्स असते. सगळ्यात आधी ती काढा. पोरापोरीला, शाळेतल्या गुरुजींना, सेतू केंद्रावरच्या माणसाला वाचायला सांगा.

त्यात व्यवसायाच्या रकान्यात काय लिहिलं आहे ते बघा. चार एकर कोरडवाहू वावर असलेल्या माणसापुढे 'व्यापार' आणि वार्षिक उत्पन्न 'सहा लाख' असं लिहिलेलं सापडतं. हप्ता मोठा असला की उत्पन्न मोठं दाखवावं लागतं, त्यासाठी हा आकडा भरलेला असतो. ईमेलचा रकानाही बघा. तुम्ही जन्मात ईमेल काढलेला नसताना तिथे एक पत्ता असतो आणि पॉलिसी त्याच पत्त्यावर 'पोचलेली' असते. हप्ता किती वर्षं भरायचा आणि पैसे किती वर्षांनी मिळणार हे दोन वेगळे आकडे असतात, दोन्ही लिहून घ्या.

आणखी एक जागा शोधा. अर्जदारानं मराठीत सही केली असेल किंवा अंगठा दिला असेल तर अर्जाच्या शेवटी एक जाहीरनामा असतो: 'मजकूर अर्जदाराला त्याच्या भाषेत समजावून सांगितला.' त्याखाली समजावणाऱ्याची सही असते. ती बहुधा शाखेतल्याच माणसाची निघते, किंवा जागा कोरी निघते. दोन्हीही तुमच्या कामाचं आहे. कोरी असेल तर समजावल्याचा पुरावा नाही, सही असेल तर काय समजावलं याचा जाब विचारायला नाव मिळालं.

सोबत परताव्याचा एक तक्ता असतो, त्याला बेनिफिट इलस्ट्रेशन म्हणतात. त्यात ४ टक्के आणि ८ टक्के अशा दोन अंदाजी दरांनी रकमा मांडलेल्या असतात. ८ टक्क्यांचा रकाना दाखवून 'एवढे मिळणार' म्हणणं ही नेहमीची रीत आहे. तो अंदाज आहे, हमी नाही, असं त्याच पानावर बारीक अक्षरात छापलेलं असतं.

पॉलिसी येऊन थोडेच दिवस झालेत. परत करता येते का?

येते, आणि हा सगळ्यात सोपा रस्ता आहे. २०२४ च्या नियमांप्रमाणे पॉलिसीचा कागद हाती पडल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते. याला फ्री लूक म्हणतात. मुद्रांक शुल्क, वैद्यकीय तपासणी झाली असेल तर तिचा खर्च आणि जितके दिवस विमा चालू होता तितक्या दिवसांचं शुल्क कापून पैसे परत येतात. युलिप असेल, म्हणजे हप्त्याचे पैसे शेअर बाजारात लावणारी पॉलिसी, तर त्या दिवशीच्या युनिटच्या भावाचा फरक पडतो.

अर्ज विमा कंपनीला द्यायचा, एक प्रत बँकेत. पोस्टानं आलेलं पाकीट फेकू नका, त्यावरच्या शिक्क्यावरून तारीख सिद्ध होते. शाखेत गेलात की "साहेब रजेवर आहेत, सोमवारी या" असं ऐकायला मिळेल, आणि सोमवार-सोमवार करत महिना निघून जातो. म्हणून शाखेच्या भरवशावर न राहता अर्ज त्याच दिवशी स्पीड पोस्टानं कंपनीकडे टाका.

कागद मिळालाच नसेल, किंवा तुमचा नसलेल्या ईमेलवर गेला असेल, तर अर्जात तसं स्पष्ट लिहा. मुदत कागद मिळाल्यापासून धरायची असते, पैसे कापल्यापासून नाही.

सही माझीच आहे. कंपनीच्या फोनवर 'हो' पण म्हटलं. मग केस संपली का?

नाही. बँकेचं पहिलं उत्तर हेच असतं, आणि बहुतेक लोक ते ऐकून घरी परततात.

पॉलिसी निघण्याआधी कंपनीकडून पडताळणीचा फोन येतो. "फोन येईल, सगळ्याला हो म्हणा, नाहीतर काम अडकेल," असं आधीच सांगून ठेवलेलं असतं. कधी फोन येतो तेव्हा माणूस वावरात असतो, कधी प्रश्न हिंदीत भराभर विचारले जातात. म्हणून ते रेकॉर्डिंगच मागा. त्यात मुदत, हप्ते आणि हमी नसल्याचं तुमच्या भाषेत सांगितलं होतं का, हे ऐकल्यावर कळेल.

सही खरी असली तरी अर्जात भरलेलं उत्पन्न खोटं असेल, तर तो आकडा कुणी भरला हा प्रश्न उरतोच. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पासबुकातल्या वर्षभराच्या नोंदी जोडा. ज्याच्या खात्यात वर्षाकाठी दीड लाख येतात त्याला लाखाचा हप्ता परवडेल असं कोणत्या हिशेबानं ठरवलं, याचं उत्तर बँकेला द्यावं लागतं.

सही तुमची नसेलच तर गोष्ट वेगळी. ती बनावट दस्तऐवजाची बाब आहे, पोलिसांत तक्रार द्या आणि तिची प्रत पुढच्या प्रत्येक अर्जाला जोडा.

बँक म्हणते, "पॉलिसी कंपनीची आहे, आमचा काय संबंध?"

संबंध आहे. विमा विकणारी बँक ही विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या विमा नियामकाकडे (आयआरडीएआय) नोंदलेली कॉर्पोरेट एजंट असते आणि त्या विक्रीचं कमिशन तिला मिळतं. बँकेच्या वतीनं पॉलिसी विकणारा माणूस परीक्षा देऊन प्रमाणपत्र घेतलेला असावा लागतो, आणि त्याच्या वागण्याची जबाबदारी बँकेवर असते. त्याचं नाव अर्जावर असतं. ज्यानं तुमच्याशी बोलणं केलं तो एक आणि अर्जावरचं नाव दुसऱ्याचंच, असंही निघतं. तसं असेल तर तक्रारीत लिहा.

माणूस बदलून गेला, नोकरी सोडून गेला, तरी फरक पडत नाही. तक्रार बँकेविरुद्ध आहे.

तक्रार लिहायची कशी?

मराठीत, एका पानात, तारखांसह. राग मनात राहू द्या, कागदावर घटना येऊ द्या. नमुना असा:

"प्रति, शाखा व्यवस्थापक. विषय: मुदत ठेव सांगून विमा पॉलिसी दिल्याबाबत. महोदय, मी आपल्या शाखेचा बचत खातेदार आहे. अमुक तारखेला जमिनीच्या मोबदल्याचे तीन लाख रुपये मुदत ठेवीत ठेवण्यासाठी मी शाखेत आलो. आपले कर्मचारी श्री. अमुक यांनी ही रक्कम एकदाच भरायची आहे व पाच वर्षांनी व्याजासह मिळेल असे सांगितले. प्रत्यक्षात मला दरवर्षी हप्ता असलेली पॉलिसी देण्यात आली. माझे वार्षिक उत्पन्न इतके असून अर्जात ते इतके दाखवले आहे. ही पॉलिसी सुरुवातीपासून रद्द करून भरलेली पूर्ण रक्कम बचत खात्याच्या व्याजासह परत करावी. तसेच प्रपोजल फॉर्म, परताव्याचा तक्ता, पडताळणी फोनचे रेकॉर्डिंग आणि विक्री करणाऱ्याचे नाव व प्रमाणपत्र क्रमांक द्यावा."

हेच पत्र एकाच दिवशी बँकेला आणि विमा कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला द्या. हा मुद्दा महत्त्वाचा आहे. दोघांच्याही उत्तराची मुदत एकदमच सुरू होते, आणि पुढे एकमेकांकडे बोट दाखवायला जागा राहत नाही.

शाखेत पोच देत नाहीत.

पोच नसेल तर तक्रार झालीच नाही असं समजा. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि सही घ्यायची. देत नसतील तर वाद न घालता तालुक्याच्या पोस्टात जा आणि स्पीड पोस्टानं पाठवा. पावतीला झेरॉक्स जोडून ठेवा, ती शाई वर्षभरात उडते. बँकेच्या वेबसाइटवर किंवा टोल फ्री नंबरवर तक्रार नोंदवली तर तक्रार क्रमांक वहीत उतरवा. "मी मॅनेजर साहेबांना तीनदा भेटलो" याला पुढे कुठंच किंमत नाही, हे सांगताना वाईट वाटतं, पण तसंच आहे.

तक्रार देऊन ३० दिवस झाले. उत्तर नाही, किंवा उडवाउडवीचं उत्तर आलं. आता कुठं?

हातात काय आहे त्यावर दार ठरतं.

विम्याची पॉलिसी असेल आणि पैसे परत हवे असतील तर विमा लोकपाल. मुंबई महानगर प्रदेश सोडून राहिलेल्या महाराष्ट्रासाठी, म्हणजे आपल्या विदर्भासाठीही, हे कार्यालय पुण्यात आहे. फी नाही, वकील लागत नाही. कंपनीला तक्रार देऊन महिना उलटला किंवा तिनं नकार दिला की एका वर्षाच्या आत अर्ज करायचा. ५० लाखांपर्यंतच्या रकमेचा निवाडा तिथे होतो. पुण्याला जायचं म्हणून कुणी घाबरू नये. सुनावणी व्हिडिओवर होऊ शकते, अर्जातच तशी विनंती करा. निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो, आणि तुम्हाला तो मान्य नसेल तर तुमचा पुढचा रस्ता मोकळा राहतो. विमा नियामकाचं 'बीमा भरोसा' नावाचं पोर्टलही आहे, नंबर १५५२५५. तिथून तक्रार कंपनीकडेच जाते, पण तिच्यावर नियामकाची नजर राहते. निवाडा मात्र लोकपालच देतो.

तक्रार बँकेच्या वागण्याची असेल, म्हणजे न विचारता खात्यातून पैसे वळवले, एफडी मोडून पॉलिसी केली, तक्रारीला उत्तर दिलं नाही, तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल. २०२१ च्या एकात्मिक लोकपाल योजनेनं सगळ्या देशासाठी एकच पत्ता ठेवला: रिझर्व्ह बँक, सेंट्रलाइज्ड रिसीट अँड प्रोसेसिंग सेंटर, चौथा मजला, सेक्टर १७, चंडीगड १६००१७. तक्रार कोणत्याही भाषेत पाठवता येते, त्यामुळे मराठीतलं पत्र चालतं. माहितीसाठी १४४४८ या नंबरवर मराठीतही बोलतात. २०२१ च्या योजनेप्रमाणे बँकेचं उत्तर आल्यापासून एका वर्षात, आणि उत्तरच आलं नसेल तर तक्रार दिल्यापासून एक वर्ष ३० दिवसांत जायचं. आधी बँकेला तक्रार न देता थेट तिथे गेलात तर अर्ज फेटाळला जातो. गावाकडून गेलेले अनेक अर्ज एवढ्याच कारणानं परत येतात.

ग्रामीण बँकही या योजनेत येते. विदर्भ कोकण ग्रामीण बँक १ मे २०२५ पासून महाराष्ट्र ग्रामीण बँकेत विलीन झाली. जुन्या नावाचं पासबुक असलेल्यांनी तक्रार नव्या नावानं लिहावी आणि जुनं नाव सोबत नमूद करावं.

म्युच्युअल फंड असेल तर सेबीचं, म्हणजे शेअर बाजाराच्या नियामकाचं, 'स्कोअर्स' पोर्टल. कंपनीला २१ दिवसांत उत्तर द्यावं लागतं. सेबीचा टोल फ्री नंबर १८०० २६६ ७५७५.

ग्राहक आयोगात जावं का?

लोकपालाकडे काम झालं नाही तर जरूर जावं. उलट क्रमानं जाऊ नका. आयोगात केस चालू असताना त्याच विषयावर लोकपाल तक्रार घेत नाही.

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं एक मोठी सोय केली: तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगात केस दाखल करता येते, कंपनीचं ऑफिस मुंबईत असलं तरी. भरलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही, ५० लाखांपर्यंत जिल्हा आयोगच केस ऐकतो. मुदत दोन वर्षांची. वकील सक्तीचा नाही. हवा असेल आणि परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, नंबर १५१००. महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. आयोगात वेळ लागतो हे खरं आहे. पण तिथे नुकसानभरपाई आणि खर्चही मागता येतो.

दुसरा हप्ता आला आहे. भरू की सोडू?

कर्ज काढून भरू नका, एवढं पक्कं. बाकीचं पॉलिसीवर अवलंबून आहे.

युलिप असेल तर पाच वर्षं पैसे अडकलेले असतात. हप्ता थांबवला तर शुल्क कापून रक्कम वेगळ्या फंडात जाते, त्यावर किमान ४ टक्के व्याज मिळतं आणि पाच वर्षं पूर्ण झाल्यावर ती हाती येते. नेहमीची बचत पॉलिसी असेल तर ती कधी घेतली ते बघा. १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नव्या नियमांतल्या पॉलिसीत एक वर्षाचा पूर्ण हप्ता भरून वर्ष झालं की काही रक्कम परत मिळते. त्याआधीच्या बहुतेक पॉलिसींत दोन वर्षांचे हप्ते भरल्याशिवाय हाती काहीच येत नाही.

तक्रार चालू असेल तर कंपनीला लिहून कळवा की विक्रीच चुकीची असल्यामुळे हप्ता भरत नाही. आणि बँकेत हप्त्याची आपोआप कपात लावलेली असेल तर ती लेखी बंद करायला सांगा, नाहीतर पुढचा चुकारा खात्यात पडताच हप्ता निघून जाईल.

पैसे वडिलांचे, पॉलिसीत नाव माझं. हे कसं झालं?

वडिलांचं वय विम्यात बसत नाही, म्हणून विमा तुमच्या जिवाचा केला आणि पैसे त्यांचे घेतले. अशा वेळी प्रस्तावक, म्हणजे पॉलिसीसाठी अर्ज करणारा, कोण आहे ते अर्जात बघा. तक्रार त्याच्याच सहीनं जायला हवी. आणि ज्या म्हाताऱ्या माणसाला दवाखान्यासाठी पैसा हाताशी हवा होता, त्याची रक्कम मुलाच्या आयुष्यावर पंधरा वर्षं का अडकवली, हा प्रश्न तक्रारीच्या पहिल्या ओळीत लिहा. याच्याइतकं भक्कम उदाहरण दुसरं नसतं.

"पॉलिसी काढा तरच पीक कर्ज" म्हणतात.

अशी सक्ती करता येत नाही. साधा उपाय: "हे लिहून द्या" म्हणा. कुणी लिहून देत नाही. पीक विमाही खरीप २०२० पासून ऐच्छिक आहे, त्याचा आणि या पॉलिसीचा संबंध नाही. कर्ज अडवलं तर अर्ज लेखी द्या, नकाराचं कारण लेखी मागा आणि त्याची प्रत अग्रणी बँकेच्या, म्हणजे जिल्ह्यातल्या बँकांच्या कामाचा मेळ घालणाऱ्या बँकेच्या, जिल्हा व्यवस्थापकाला द्या.

तक्रार केली तर पुढच्या हंगामात कर्ज मिळणार नाही ही भीती घरोघरी आहे, आणि ती उगाच नाही. गावाला एकच शाखा असते. म्हणून एकट्यानं जाण्यापेक्षा त्याच शाखेत तसंच झालेले आणखी चार जण शोधा. ते असतातच. प्रत्येकानं आपापली तक्रार वेगळी द्यावी, पण एकाच दिवशी.

पासबुकात ४३६ आणि २० रुपये कापलेले दिसतात. तीही फसवणूक का?

त्या प्रधानमंत्री जीवन ज्योती आणि सुरक्षा विमा योजना आहेत, वर्षाचा हप्ता अनुक्रमे ४३६ आणि २० रुपये, प्रत्येकी दोन लाखांचं संरक्षण. संमती दिली नसेल तर बंद करता येतात. पण रागाच्या भरात त्या बंद करू नका, घरात कमावता माणूस असेल तर त्या कामाच्या आहेत.

बँक म्हणते, निम्मे घ्या आणि सही करा.

सही करण्याआधी कागद घरी आणा. 'पूर्ण व अंतिम समाधान झाले' असं त्यात असेल तर पुढची सगळी दारं बंद होतात. लोक अदालतीत तडजोड केली तर तिच्यावर अपील नाही. रक्कम पटत असेल तर जरूर घ्या, फक्त पैसे खात्यात येण्याआधी तक्रार मागे घेऊ नका.

पतसंस्थेत ठेवलेल्या पैशाचं काय?

पतसंस्था म्हणजे बँक नाही. रिझर्व्ह बँकेचा लोकपाल तिथे चालत नाही आणि बँकेतल्या ठेवींना मिळणारं ५ लाखांचं ठेव विमा संरक्षणही तिथे नाही. तक्रार सहकार खात्याच्या सहायक किंवा जिल्हा उपनिबंधकाकडे द्यायची. बहुराज्य पतसंस्था असेल तर दिल्लीतल्या केंद्रीय निबंधकाकडे.

"तुमच्या पॉलिसीचा बोनस अडकला आहे, फाइल चार्ज भरा," असा फोन आला.

भरू नका. विमा नियामक किंवा लोकपाल असे फोन करत नाहीत आणि कधीच पैसे मागत नाहीत. एकदा फसलेल्या माणसाला बरोबर हेरून हे फोन येतात. पैसे गेलेच असतील तर क्षणाचाही वेळ न घालवता सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, १९३० वर फोन करा, मग बँकेला कळवा. पासबुक, आधार आणि ओटीपी यांतलं काहीही त्या माणसाला सांगू नका, तो तुमचा पॉलिसी नंबर अचूक सांगत असला तरी.